वर आलेला तळ

सुमात्रा बेटाचा नकाशा समोर ठेवला, की त्याच्या उत्तरेकडच्या भागात, विषुववृत्ताच्या थोडे वर, एक लांबट निळा आकार दिसतो आणि त्या निळ्याच्या आत पुन्हा जमिनीचा एक मोठा तुकडा दिसतो. निळा आकार तोबा सरोवराचा आणि आतला तुकडा सामोसिर बेटाचा. सरोवराची लांबी सुमारे १०० किलोमीटर, रुंदी सर्वांत जास्त आहे तिथे ३० किलोमीटर, खोली ५०० मीटरांहून थोडी अधिक. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे, म्हणजे माथेरानहूनही वर. सामोसिरचे क्षेत्रफळ ६३० चौरस किलोमीटरांच्या आसपास भरते; बृहन्मुंबईपेक्षा ते किंचित मोठेच आहे. बेटातल्या सरोवरातले बेट असा प्रकार जगात अनेक ठिकाणी आढळतो, परंतु त्या प्रकारात सामोसिरएवढे मोठे दुसरे नाही.

ज्वालामुखीचे बेट म्हटले, की पाण्यातून सरळ वर आलेला शंकू डोळ्यांसमोर येतो, आणि तशी बेटे आहेतही. निकाराग्वाच्या मोठ्या सरोवरात ओमेतेपे बेटावर कोन्सेप्सियोन आणि मादेरास हे दोन ज्वालामुखी एका सखल पट्टीने जोडलेले उभे आहेत. फिलिपाइन्समधल्या ताल सरोवराच्या मध्यावर तर आजही धुमसणारा ज्वालामुखी आहे. सामोसिरवर मात्र असा शंकू शोधूनही सापडत नाही. तिथे आहे ते एक लांबरुंद, कललेले पठार. सामोसिर हे ज्वालामुखीचे बेट आहे याचा अर्थ इतकाच, की ते एका प्रचंड ज्वालामुखीच्या पोटात आहे. आणि ज्या जमिनीवर आज भात, मका आणि माणसे उभी आहेत ती जमीन म्हणजे सरोवराचा वर उचलला गेलेला तळ आहे. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण जमीन या गोष्टीविषयीची माझी समजूत सामोसिरने जितकी हलवली तितकी दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाने हलवली नाही. म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

बेटाकडे जाण्याची रूढ वाट पूर्वेकडून आहे. मेदान शहरातून दक्षिणेला उतरत पारापात गावी यायचे आणि तिथून होडीने तोमोकला जायचे. हे पाणी ओलांडताना समोर जे दिसते ते बेटाचा किनारा म्हणून सहजासहजी पटत नाही. पाण्याच्या कडेला गावांची एक अरुंद हिरवी पट्टी, आणि तिच्या लगेच मागे शेकडो मीटर उंचीचा कडा, उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला. पावसाळी दिवसांत त्यावरून पाण्याच्या बारीक धारा कोसळत असतात. कड्याचा माथा सरोवराच्या पातळीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. परंतु माथ्यावर पोहोचल्यावर पलीकडे दरी लागत नाही. तिथून जमीन पश्चिमेकडे सावकाश उतरत जाते आणि पांगुरुरान गावापाशी पाण्याला अगदी अलगद भिडते. एका बाजूने उचललेल्या पाटासारखे हे बेट आहे. पूर्वेची कड उचललेली, पश्चिमेची टेकलेली. हा एक कल ध्यानात घेतला, की बेटावरच्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होऊ लागतो: ओढे पश्चिमेकडे का वाहतात, पूर्व किनाऱ्यावर गावे एका ओळीत का दाटली आहेत, आणि मधल्या पठारावर वस्ती इतकी विरळ का आहे.

पूर्व किनाऱ्याच्या त्या ओळीत तोमोक, तुकतुक आणि अंबारिता ही गावे येतात. त्यांतले तुकतुक हे पाण्यात शिरलेले गोलसर भूशिर आहे. त्यावर आता प्रवाशांसाठी बांधलेल्या खोल्या आणि खानावळी आहेत, आणि तिथे राहणाऱ्या पुष्कळांना आपण घट्ट लाव्हाच्या एका घुमटावर झोपलो आहोत याची कल्पना नसते. मोठा उद्रेक होऊन गेल्यानंतर खाली उरलेला दाट शिलारस भेगांमधून वर येऊन थिजला आणि असे घुमट तयार झाले. सामोसिरवर ज्वालामुखीची थेट खूण पाहायची असेल, तर ती या किनाऱ्यावर आहे. पठारावर गेल्यावर वेगळीच माती भेटते.

पांगुरुरानहून वर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जिथे डोंगर कापला आहे तिथे पांढुरके, राखाडी, पिवळसर असे पातळ थर एकावर एक रचलेले दिसतात. संथ पाण्याच्या तळाशी गाळ वर्षानुवर्षे बसत राहिला, की अशी रचना होते. या गाळात डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची सिलिकाची कवचे भरलेली आहेत, आणि ती शैवाले मुख्यतः पाण्यात जगतात. म्हणजे आज जिथे म्हशी चरतात, जिथे पाइनची झाडे वाऱ्याने हलतात, तिथे एके काळी खोल पाणी होते. मी त्या थरांवरून हात फिरवला तेव्हा बोटांना पिठासारखी भुकटी लागली, आणि सरोवराचे पाणी मात्र खाली, फार खाली, उन्हात चमकत होते. पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी बोटांना लागते तेव्हा तिचे वजन निराळे असते. याच पठारावर सिदिहोनी नावाचे एक लहान सरोवर आहे. महासागरात सुमात्रा, सुमात्रात तोबा, तोबात सामोसिर, आणि सामोसिरवर पुन्हा सिदिहोनी. त्याच्या काठी गुरे पाणी पितात, आणि अवर्षणाच्या वर्षी त्याचे पाणी बरेच ओसरते.

हा तळ वर कसा आला ते समजून घेण्यासाठी आधी सरोवर कसे झाले ते पाहावे लागते, आणि तिथे आपल्याला घरच्या अनुभवाचा उपयोग होतो, तसाच थोडा अडथळाही होतो. महाराष्ट्रातली आपण बहुतेक माणसे ज्वालामुखीच्याच जमिनीवर राहतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून बेसाल्टचा लाव्हा वाहिला, थरावर थर बसत गेले, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या तयार झाल्या. रायगडापासून वेरूळपर्यंतचा काळा कातळ हा त्याच वाहण्याचा पुरावा आहे. त्यामुळे ज्वालामुखी म्हणजे वाहणारा लाव्हा असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. बेसाल्टमध्ये सिलिकाचे प्रमाण साधारण निम्मे असते, म्हणून तो रस पातळ राहतो, त्यातले वायू सहज सुटून जातात आणि तो लांबवर पसरतो. तोबाचा शिलारस याच्या उलट स्वभावाचा होता. त्यात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास होती. असा रस चिकट असतो, वायूंना अडकवून ठेवतो, आणि दाब असह्य झाला, की तो वाहण्याऐवजी फुटतो. फुटताना त्याची काचेच्या बारीक कणांची राख होते. दख्खनचे पठार साचत साचत उभे राहिले, तोबाचे सरोवर फुटून खचल्यामुळे झाले. दोन्हींना आपण ज्वालामुखी हे एकच नाव देतो खरे, पण एकाने जमीन चढवली आणि दुसऱ्याने ती गिळली. (लोणारच्या सरोवराला पूर्वी ज्वालामुखीचे विवर समजले जात असे, ते उल्कापाताने झालेले आहे, त्यामुळे तुलनेसाठी ते इथे उपयोगाचे नाही.)

सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळाचा भूपट्ट बेटाखाली घसरत जातो. त्याच्यासोबत खाली जाणारे पाणी वरच्या खडकांना वितळायला मदत करते, आणि म्हणूनच सुमात्राच्या कण्यावर ज्वालामुखींची रांग उभी आहे. त्याच कण्यातून सुमारे १,९०० किलोमीटर लांबीचा एक मोठा प्रस्तरभंग जातो; तोबा त्याच्या जवळच पूर्वेला आहे. या जागी गेल्या बारा लाख वर्षांत चार मोठे उद्रेक झाले: पहिला सुमारे बारा लाख वर्षांपूर्वी, दुसरा सुमारे आठ लाख, तिसरा सुमारे पाच लाख आणि शेवटचा, सर्वांत मोठा, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी. या शेवटच्या उद्रेकात बाहेर पडलेल्या शिलारसाचे मोजमाप घट्ट खडकाच्या हिशेबाने किमान २,८०० घन किलोमीटर धरले जाते, आणि त्याहून बरेच मोठे अंदाजही मांडले गेले आहेत. हा किमान आकडादेखील मनात मावत नाही, म्हणून मी तो घरच्या मापाने मोजून पाहिला. तेवढा खडक संपूर्ण महाराष्ट्रावर सारखा पसरला, तर त्याची जाडी नऊ मीटर होईल. तीन मजली घर त्यात गाडले जाईल. इंडोनेशियातलाच तांबोरा १८१५ मध्ये फुटला, तो लेखी इतिहासातला सर्वांत मोठा उद्रेक मानतात, आणि त्यातून आभाळात गेलेल्या गंधकयुक्त कणांमुळे पुढच्या वर्षी युरोप आणि अमेरिकेत उन्हाळ्यात पिके गारठली. तोबाचा उद्रेक त्याच्या कितीतरी पटींनी मोठा होता.

इतका रस एकाएकी निघून गेल्यावर वरच्या जमिनीला आधार उरला नाही आणि ती आत कोसळली. अशा खचलेल्या खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. आज दिसणारी सरोवराची बाह्यरेषा ही साधारणपणे त्या कोसळण्याची रेषा आहे, आणि सभोवती उभे असलेले कडे हे तुटलेल्या जमिनीचे काठ आहेत. उत्तर टोकाला तोंगिंग गावाजवळ सिपिसोपिसोचा धबधबा सुमारे १२० मीटरांवरून कोसळतो, तोही त्या काठावरूनच. हे सगळे डोळ्यांसमोर असूनही त्याचा अर्थ लागायला काळ जावा लागला, कारण कॅल्डेरा इतका मोठा आहे की कोणत्याही एका जागेवरून तो पूर्ण दिसत नाही. डच भूशास्त्रज्ञ फान बेमेलन यांनी १९३९ मध्ये मांडले, की सरोवराभोवती राखेच्या तप्त लोंढ्यांपासून झालेल्या खडकांचे वेढे आहेत आणि हे सरोवर म्हणजे एक महाकाय ज्वालामुखीय खड्डा आहे. पायी हिंडून, खडकांचे तुकडे तपासून काढलेला तो निष्कर्ष होता. उपग्रहाचे चित्र हाती नसताना त्यांना हे दिसले, याचे मला फार कौतुक वाटते.

खड्डा पाण्याने भरला. पाऊस भरपूर, आणि बाहेर जायला वाट उंचावर. तेव्हा पाणी चढत गेले आणि तळाशी गाळ बसत राहिला. परंतु खालचा उरलेला शिलारस स्वस्थ नव्हता. वरचा भार कमी झाल्यावर आणि खालून नवा रस भरत गेल्यावर कोसळलेल्या छताचा मधला भाग पुन्हा हळूहळू वर सरकू लागला. सामोसिर आणि समोरच्या पूर्व किनाऱ्यावरचे उलुआन हे द्वीपकल्प, दोन्ही या एकाच उचललेल्या भागाचे तुकडे आहेत. मधोमध जमीन चिरली आणि त्या चिरेत पाणी राहिले. पारापातहून तोमोकला जाताना आपण जे पाणी ओलांडतो त्याच्या तळाशी ती चीर आहे. सामोसिरच्या पूर्वेच्या कड्याचे कोडेही इथे सुटते, कारण तो कडा त्या चिरेची एक भिंत आहे. गाळातल्या सेंद्रिय अवशेषांच्या वयावरून असे दिसते, की सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीपर्यंत सामोसिरच्या माथ्यावरची जमीन पाण्याखाली होती. त्यानंतरची सुमारे दहा हजार वर्षे ती दरवर्षी जवळपास पाच सेंटिमीटर या गतीने वर आली, आणि पुढे ती गती वर्षाला एका सेंटिमीटरच्या आत आली. पाच सेंटिमीटर ही एखाद्या मुलाच्या वर्षभरातल्या वाढीएवढी गोष्ट आहे. मानवी नजरेला ती हालचाल जाणवली नसती; आणि तरी तिनेच ७०० मीटर उंचीचे बेट उभे केले.

या उद्रेकाचा एक अंश आपल्याकडे आहे, आणि तो मी सामोसिरच्या आधी पाहिला होता. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव आहे. तिथे नदीच्या गाळाच्या दरडीत एक फिकट करडा थर आहे, आणि १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंधित संशोधकांनी तो ज्वालामुखीची राख म्हणून ओळखला. या कामात शरद राजगुरू यांच्यासारख्या जाणत्या भूपुरातत्त्वज्ञाचा मोठा वाटा होता. दख्खनचे ज्वालामुखी तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालेले. मग नदीच्या इतक्या नव्या गाळात ताजी राख आली कुठून? तिच्यातल्या काचेच्या कणांची रासायनिक घडण तोबाशी जुळली, तेव्हा त्या थराचे उगमस्थान सव्वातीन हजार किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरावर गेले. आभाळातून पडलेला मूळ थर मुळात काही सेंटिमीटरांचाच असावा; पावसाने तो उतारांवरून धुऊन नद्यांच्या खोलगट जागी साठवला म्हणून आज तो जाड दिसतो. कऱ्हा नदीकाठी मोरगावजवळ, मध्य प्रदेशात शोण नदीच्या खोऱ्यात, आंध्रात नंद्याल (पूर्वीच्या कर्नूल) जिल्ह्यातल्या ज्वालापुरमला अशीच राख आहे. बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे, अरबी समुद्राच्या तळाशी आहे, आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळातही तिचे कण मिळाले आहेत.

बोरीच्या राखेच्या वयाविषयी मतभेद झाले, आणि ते जाणून घेण्यासारखे आहेत. आरंभीच्या एका मापनाने तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे दिले, दुसऱ्याने पावणेसात लाखांच्या आसपास. पुढे कणांच्या रसायनावरून ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचीच आहे असे मांडले गेले. तर आणखी काही अभ्यासकांनी ती तोबाच्याच, पण सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली. हा वाद केवळ आकड्यांचा नाही. त्याच जागी अश्युलियन, म्हणजे अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडींच्या घडणीची, दगडी हत्यारे मिळाली आहेत, आणि राखेचे वय बदलले, की कुकडीकाठी ती हत्यारे घडवणाऱ्या माणसांचा काळही लाखो वर्षांनी मागेपुढे सरकतो. माझे मन त्या दरडीपाशी रेंगाळते ते यामुळे. राख आणि हत्यारे एकाच काठावर आहेत, पण नदीने त्यांना हलवून पुन्हा मांडले असेल, तर त्यांची सोबत मूळचीच आहे असे कोण म्हणू शकेल? अशा जागी घाईने उत्तर न देणारे संशोधन मला आदरणीय वाटते, आणि अशा जागा खणून, उपसून नष्ट होऊ नयेत असे मनापासून वाटते. एकदा ती दरड कोसळली, की प्रश्नच विचारता येणार नाही.

तोबाच्या उद्रेकामुळे माणूस जवळजवळ नामशेष झाला होता, अशी एक कल्पना गेल्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ गाजली. धुळीने सूर्यप्रकाश अडला, पृथ्वी थंड झाली, आणि थोडीच माणसे उरली, असे तिचे स्वरूप होते. ज्वालापुरमच्या उत्खननात, ज्यात मायकेल पेट्राग्लिया आणि रवी कोरिसेट्टर या पुरातत्त्वज्ञांनी काम केले, राखेच्या खाली आणि राखेच्या वर दोन्हीकडे दगडी हत्यारे मिळाली, आणि त्यांच्या घडणीत मोठा खंड दिसला नाही. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या वस्तीतही राखेचे कण पडल्यानंतर माणसे राहतच होती असे आढळले. मला नामशेष होण्याच्या कथेपेक्षा या पुराव्यात अधिक अर्थ वाटतो. त्या दिवसांत आभाळातून करडी धूळ पडत असताना या उपखंडात कोणीतरी नदीकाठी दगड फोडत होते आणि पुढेही फोडत राहिले.

पुन्हा सामोसिरकडे येतो, कारण त्याच्या पश्चिम टोकाला एक गोष्ट राहिली आहे. काटेकोरपणे पाहिले, तर सामोसिर मुळात बेट नव्हते. पांगुरुरानपाशी जमिनीच्या एका अरुंद पट्टीने ते सुमात्राला जोडलेले होते, आणि होड्यांना वळसा पडू नये म्हणून डच अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, ती पट्टी खणून तिथे कालवा काढण्यात आला. त्याला तानो पोंगोल म्हणतात. म्हणजे जगातल्या या सर्वांत मोठ्या ‘बेटातल्या बेटा’चे बेटपण शेवटी माणसाच्या कुदळीने पूर्ण केले. कालवा गाळाने भरत असे आणि तेव्हा बेट पुन्हा जवळजवळ जोडले जात असे. अलीकडे तो रुंद करून त्यावर मोठा पूल बांधला आहे.

कालव्यापलीकडे पुसुक बुहित उभा आहे, जवळपास २,००० मीटर उंचीचा. हा मात्र खराखुरा ज्वालामुखी आहे, मोठ्या उद्रेकानंतर कॅल्डेराच्या काठावर वाढलेला, आणि त्याच्या पायथ्याशी गंधकाचा वास असलेले गरम पाण्याचे झरे आजही वाहतात. सरोवराभोवती राहणाऱ्या बाताक लोकांच्या परंपरेत त्यांचा मूळपुरुष सी राजा बाताक याच डोंगराशी जोडलेला आहे, आणि पायथ्याचे सियांजुर मुला-मुला हे त्यांचे पहिले गाव मानले जाते. सरोवराच्या सगळ्या परिसरात ज्या ठिकाणी पृथ्वीची ऊब अजून हाताला लागते, नेमक्या त्याच ठिकाणी एका समाजाने आपला आरंभ मानावा, हे मला अतिशय योग्य वाटते.

बेटावरचे जगणे त्या कललेल्या जमिनीनेच घडवले आहे. किनाऱ्याच्या पट्टीत आणि पांगुरुरानच्या बाजूच्या उतारांवर भात होतो. पठारावर मका, कसावा आणि गुरे. गाळाची पांढरी माती पाणी धरून ठेवत नाही, म्हणून चहूबाजूंनी एवढे मोठे सरोवर असूनही माथ्यावरच्या गावांना पाण्याची वाण भासते. बाताकांची जुनी घरे खांबांवर उचललेली, दोन्ही टोकांना उंच होत गेलेल्या छपरांची. ती आता थोडी उरली आहेत आणि बहुतेकांवर पत्रा आला आहे. शेतांच्या मध्येच चर्चच्या किंवा घराच्या आकाराच्या भव्य समाध्या दिसतात, कारण एकोणिसाव्या शतकात नोमेनसेन या जर्मन मिशनऱ्याच्या काळापासून हा समाज मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती झाला, तरी पूर्वजांचा मान तसाच राहिला. जेवणात आर्सिक नावाचे माशाचे कालवण असते आणि त्यात अंदालिमान हा मसाला घालतात. पहिल्याच घासाला जिभेवर ओळखीची झिणझिणी आली, आणि नंतर कळले, की अंदालिमान आणि आपले कोकण-गोव्यातले तिरफळ ही एकाच प्रजातीसमूहातली झाडे आहेत. बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालणाऱ्या कोणालाही सामोसिरच्या स्वयंपाकघरात परके वाटणार नाही.

सरोवर सुंदर आहे, पण त्याच्या खोलीचा विसर पडू देऊ नये. १८ जून २०१८ रोजी बेटाच्या उत्तरेकडील सिमानिंदोहून तिगारासला निघालेली एक होडी, क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे घेऊन जाताना, वादळी हवेत उलटली. दीडशेहून अधिक माणसे बेपत्ता झाली. होडीचा सांगाडा सुमारे ४५० मीटर खोलीवर सापडला, आणि तिथून कोणालाही वर आणता आले नाही. कोसळलेल्या ज्वालामुखीच्या तळाची खोली ही त्या कुटुंबांसाठी भूगोलाच्या पुस्तकातली संख्या उरलेली नाही.

सरोवराला बाहेर जायला एकच वाट आहे, आग्नेयेकडून निघणारी आसाहान नदी. ती थोड्या अंतरात शेकडो मीटर खाली उतरते. त्या उतारावर १९८० च्या दशकात सिगुरागुरा आणि तांगा ही जलविद्युत केंद्रे सुरू झाली आणि त्यांच्या विजेवर समुद्रकिनाऱ्यावरचा ॲल्युमिनियमचा कारखाना चालतो. परंतु सरोवरातल्या एकूण पाण्याच्या मानाने बाहेर जाणारे पाणी फार थोडे आहे. सगळे पाणी एकदा बदलायला पाऊणशे ते ऐंशी वर्षे लागतात. म्हणजे या पाण्यात आज जे मिसळते ते एका माणसाच्या आयुष्याइतके तिथेच राहते. आणि मिसळते पुष्कळ: गेल्या काही दशकांत किनाऱ्यालगत तिलापिया माशांचे तरंगते पिंजरे मोठ्या संख्येने उभे राहिले, आणि उरलेले खाद्य नि विष्ठा तळाशी जाते. तिथे प्राणवायू आधीच कमी असतो. वारे उलटले आणि खालचे पाणी वर आले, की पिंजऱ्यांतले मासे गुदमरतात; २०१६ मध्ये हारांगाओलच्या खाडीत असे लक्षावधी मासे मेले. २०२० मध्ये युनेस्कोने तोबाला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला, आणि त्यानंतर पिंजरे कमी करण्याची निकड अधिक बोलली जाऊ लागली. पिंजरे कमी व्हायलाच हवेत असे माझे मत आहे, आणि मोठ्या कंपन्यांचे आधी व्हायला हवेत. परंतु किनाऱ्यावरच्या ज्या घरांचा संसार चारदोन पिंजऱ्यांवर चालतो, त्यांना त्या बदल्यात कसायला जमीन लागेल, आणि कड्याखालच्या त्या अरुंद पट्टीत ती मोकळी उरलेली नाही.